पितळी कडं

परवा लेकीला, पूनमला, मुंबईच्या नेमबाजी निवड चाचणीत नेम धरायचा होता, आणि महादू अजून रायफलीच्या नळीवरचं पितळी कडं पुढे-मागे करत कुडपणच्या माळावर बसला होता.

महाडच्या अर्शदने लेथवर कातून दिलेलं ते कडं. गोळी सुटताना नळी थरथरते. टोकाला वजन नेमक्या जागी बसलं, की गोळ्या एका जागी लागतात. पलटणीत हत्यारं दुरुस्त करण्यात जन्म गेलेल्या महादूला हे कुणी शिकवायला नको होतं. ती जागा त्याला महिन्यापूर्वीच सापडली होती! रायफल भाताच्या तुसाच्या गोणीवर टेकवून त्याने पाच गोळ्या झाडल्या, पुठ्ठ्याला एकच भोक. पूनमने तीच रायफल हातात धरली, तर गोळ्या चहूकडे उधळल्या. पावसाळ्यात मोडलेलं तिचं डावं कोपर अजून भार पेलत नव्हतं.

हे सांगायला त्याची जीभ उचलेना. आई गेल्यापासून पोरीचा जीव याच एका गोष्टीत होता, आणि वयाच्या अटीत ही शेवटची संधी. खचली तर? मग तो रोज कडं सैल करायचा, हलवल्यासारखं करून त्याच जागी आवळायचा आणि म्हणायचा, "अजून जुळलं नाय गो. उद्या जुळंल." म्हातारपणी खोटं बोलायला शिकला, तेही पोटच्या पोरीशी.

आज तो गुरांना पाणी दाखवायला घराकडे वळला, तोच मागे बार झाले. एकामागून एक. धावत आला, तर रायफल गोणीवर टेकवलेली. पूनमने बांधावरचा पुठ्ठा काढून आणला आणि त्याच्यापुढे धरला. एकच भोक.

"कदी जुळलं ह्ये, आबा?"

महादूने पुठ्ठा हातात घेतला. "तू खचशील म्हनून गो पोरी..."

"कदी?"

"म्हैना झाला."

ती रडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती नुसतं कोपर चोळत राहिली.

"डाक्टरांनी रोज हाताचा व्यायाम सांगितलेला. रायफलच बिघडलीय म्हनून मी तो सोडला, नि दिवसभर हितं तुमच्याजवळ बसले. येवढा म्हैना हाताला दिला असता, आबा. तुमी तो माझ्याकडनं काढून घेतलात."

आणि ती बॅग भरायला घरात गेली. परवा तिला उभं राहायचंच होतं.