फटीवरची वेल

मित्रांनो, मी एक जुनी वेल आहे. तुमच्याकडे मला मनीप्लांट म्हणतात. इथे अलेक्झांड्रियात, समुद्रापासून दोन गल्ल्या आत, चौथ्या मजल्यावरच्या एका बैठकीत माझा सगळा जन्म गेला.

अवातिफबाई लग्न होऊन या घरात आल्या, तेव्हा मी त्यांच्यासोबत आले. मुरंब्याच्या बरणीत पाण्यात बुडवलेली एक काडी आणि तिला दोन पानं, एवढीच मी होते. मुळं फुटल्यावर त्यांनी मला कुंडीत लावलं. थेट ऊन लागू नये म्हणून खिडकीपासून जरा आत ठेवलं. माती बोटानं चाचपल्याशिवाय त्या कधी पाणी घालत नसत. कॉफीच्या कपातला गाळ वाळवून माझ्या मातीत मिसळायच्या आणि दर शुक्रवारी दूधपाण्यात बुडवलेल्या फडक्यानं माझं पान न् पान पुसायच्या. मी वाढत गेले तसे त्या खिळे ठोकत गेल्या आणि दोऱ्यांनी बांधून त्यांनी मला भिंतीभर फिरवलं. नवरा गेला त्या दिवसांतही माझं पाणी चुकलं नाही. अशी माया सगळ्याच झाडांच्या नशिबी नसते.

मग घरमालक हाजी शलबीने गच्चीवर आणखी दोन मजले चढवले. त्याच उन्हाळ्यात आमच्या भिंतीला केसाएवढी फट पडली.

"आई, कुणाला तरी दाखवू या," त्यांची मुलगी माहितब म्हणाली.

"परवा मुलाकडचे येतायत, त्यांनाही दाखवू का? म्हणतील, घराला तडा, तर मुलीत काय काय असेल! आधी फातिहा वाचून लग्न ठरू दे, बये."

फटीच्या दोन्ही अंगांना खिळे ठोकून बाईंनी मला तिच्यावर दाट पसरलं. पाहुणे आले, सरबत प्याले आणि माझ्याखाली बसून त्यांनी लग्न ठरल्याची फातिहा वाचली. मुलाची आई वर बघून म्हणाली, "माशाल्लाह! भिंत म्हणून दिसत नाही हो!" बाई हसल्या आणि रिकामे पेले गोळा करू लागल्या.

मित्रांनो, माझ्या खोडाला हवेतही मुळं फुटतात आणि ती ओल शोधत जातात. ती त्या फटीत शिरली. आत सिमेंट नावापुरतं होतं. बाकी सगळी वाळू, तीही समुद्राची, खारट, नुसत्या स्पर्शानं सुटणारी. मला फार भीती वाटली, पण सांगणार कशी? भिंतीचा चुरा कुंडीत पडू लागला आणि माझी पानं पिवळी झाली. "माझ्या वेलीला नजर लागली," म्हणत बाईंनी माझ्यावर एक निळा मणी टांगला. फटीवरून गेलेला सैल दोरा हळूहळू ताणत गेला आणि एका दुपारी तटकन तुटला. माहितबने पानं बाजूला सारली. तिचा अख्खा तळहात फटीत गेला.

शलबी वर आला. "इमारत म्हातारी झाली, बाई. म्हाताऱ्यांचे सांधे कुरकुरायचेच. त्यात घाबरायचं काय?"

"मग आजपासून तुम्हीच इथे झोपायला या, हाजी," माहितब म्हणाली.

तो पुन्हा फिरकला नाही. एकेक करत सगळी बिऱ्हाडं उठली. मायलेकी मामाच्या घरी गेल्या. बैठकीतल्या सोनेरी खुर्च्यासुद्धा गेल्या, भिंतीत रुतलेली मी मात्र राहिले.

"एक फांदी तोडून घे ना, आई. बरणीत लाव. तशीच तर आणली होतीस."

"जिच्याखाली फातिहा वाचली ती वेल लग्नाआधी कापायची? शुभ बोल गं! मी येत जाईन पाणी घालायला. पाच मिनिटांचं तर काम."

तेव्हापासून लेकीची नजर चुकवून त्या येतात. नळ बंद झालेत, म्हणून बाटलीतून पाणी आणतात. पाच मिनिटांत कधी निघत नाहीत. फटीला पाठ लावून बसतात आणि लग्नाच्या गोष्टी सांगत राहतात. त्यांनी नाद सोडावा म्हणून मी पानं गाळायला लागले. झालं उलटंच. माझी दशा बघून त्या आता दिवसातून दोनदा येतात.

मित्रांनो, वेल घरात जरूर लावा. तिला जपा, भिंतीवर चढवा. पण अधूनमधून पानं सारून मागची भिंतही बघत जा. आणि तुमच्यापैकी कुणाला अवातिफबाई भेटल्या, तर त्यांना एवढं सांगा, की मला पाणी नको आहे. मला कापा नाहीतर वाळू द्या, पण तुम्ही येऊ नका.

आज सकाळपासून चुरा पडायचा थांबलेला नाही. वारा नाही, तरी निळा मणी हलतोय. खाली दार वाजलं. दम लागतो म्हणून त्या नेहमी दुसऱ्या मजल्यावर टेकतात. आज टेकल्या नाहीत. जिन्यातूनच मला हाक मारतायत, "आले गं, आले!"