साडेएकवीसची बाही

"घालून तरी बघ," मास्तर म्हणाले आणि उगाचच लॉजच्या खिडकीबाहेर बघत उभे राहिले. बाहेर तळं होतं, तळ्यामागे बर्फाचे डोंगर. पण त्यांचे कान मागे लागले होते.

तिने कोट अंगात घातला. गडद जांभळी लोकर, आत गुळगुळीत अस्तर, सहा बटणं. तिच्या नकळत पंधरा दिवस खपून मास्तरांनी तो शिवला होता. काजंसुद्धा स्वतःच केली होती. एरवी दुकानातली काजं, बटणं, तुरपाई म्हणजे तिचं काम. तेरा वर्षांचं. लग्नाआधीची नऊ आणि नंतरची चार.

काल बसमध्ये त्यांनी पिशवी उघडून दाखवली तेव्हा तिने विचारलं होतं, "अहो, पण माप कधी घेतलंत?"

"तुझं माप घ्यायला टेप कशाला? डोळ्यांत आहे माझ्या."

त्या एका वाक्यावर तिचा उरलेला घाट कसा सरला, तिलाच कळलं नाही. पन्नाशीला टेकलेल्या बाईला असं काही रोज ऐकायला मिळत नाही हो!

आता आरशात बघितलं तर बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत आलेल्या. खांदे ओघळलेले, कंबर चार बोटं खाली. कोट बिघडला होता म्हणावं, तर तसंही नाही. फार सुरेख शिवला होता, फक्त दुसऱ्या बाईसाठी.

कोणत्या, हे तिला कोणी सांगायला नको होतं. वहिनी. मास्तरांची पहिली बायको. उंच, लांब हातांची. वहिनींच्या कितीतरी कपड्यांना हिनेच बटणं लावली होती. त्या जाऊन सहा वर्षं झाली, पण हिच्या तोंडून अजून 'वहिनी'च निघायचं. बरं, बाई वाईट असती तरी चाललं असतं. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, म्हणून सोडून देता आलं असतं. पण या म्हशीने जिवंतपणीही मणभरच दिलं होतं. हिला ताप आला तर घरी येऊन डोक्यावर पट्ट्या ठेवणारी बाई. तिच्यावर जळायचं तरी कोणत्या तोंडाने? आणि जळत तर होतं, अगदी आतून.

"छान झालाय," ती म्हणाली.

मास्तर खूश होऊन निघाले. एवढा कापडातला माणूस, पण बायकोला बघताना डोळे नुसते प्रेमाने भरलेले, बाही दिसली असेल तर शपथ.

तळ्याच्या कडेला पातळ बर्फ धरला होता. होड्या काठावर पालथ्या घातलेल्या. चहाच्या टपरीवरच्या बाईने दोघांना कप दिले आणि हिच्याकडे बघून फिस्सकन हसली. "थोरल्या बहिणीचा कोट आणलात का, ताई?"

"हो," ती म्हणाली. "थोरलीचाच."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. मास्तर मात्र पाण्याकडे बघत मजेत चहा फुंकत होते. त्यांनी कप ठेवल्यावर तिने दोन्ही हात पाठीमागे लपवले.

"मास्तर, एक सांगा. माझी बाही किती?"

लग्नानंतर तिने 'मास्तर' म्हणणं सोडलं होतं. ते दचकले. मग हसले. "आता परीक्षा घेतेस होय? साडेएकवीस."

 तिने नुसते हात पुढे धरले. बाह्यांतून फक्त बोटांची टोकं दिसत होती.

मास्तरांनी बाही बघितली. मग खांदा, मग कंबर. चाळीस वर्षं कपडे शिवणाऱ्या शिंप्याला दुसऱ्यांदा बघावं लागत नाही. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"हात चुकला गं."

"हात चुकत नाही तुमचा. एवढ्या वर्षांत कधी चुकलेला बघितला नाही मी. ज्या अंगावर जायचं, त्याच अंगावर गेला तो." तिचा आवाज चढला. टपरीवाली भांडी घासायची थांबली. "चार वर्षं रोज शेजारी निजते, आणि तुमच्या डोळ्यांत ती! मला एकदा तरी बघा ना हो. एकदा बघायला काय जातं?"

मास्तरांनी चहाचे पैसे ठेवले आणि लॉजची वाट धरली.

लॉजवर परतल्यावर त्यांनी मालकिणीकडून कात्री मागून आणली. "दोन मिनिटांत कापतो. सरळ उभी राहा." पर्समधल्या रिळाचा दोरा काढून त्यांनी तिच्या खांद्यापासून मनगटापर्यंत धरला, मग वितीने मोजला. हळूहळू मोजला. तेरा वर्षांत पहिल्यांदा तिचं माप घेतलं जात होतं. त्यांची बोटं गार पडली होती.

"एकोणीस," ते म्हणाले. "एकोणीस आहे तुझी."

"लक्षात राहील?"

"राहील."

कोट टेबलावर पसरला. बाहीवर खूण केली. कात्रीची पाती लोकरीवर उघडली आणि तशीच राहिली. हजारो वार कापड कापलेला हात अडीच इंचावर येऊन थांबला. मास्तरांनी वर बघितलं नाही. बघितलं असतं, तर त्यांच्या डोळ्यांतलं पाणी तिला दिसलं असतं. ते त्यांनी न बघताही तिला दिसलं.

कापा, असं म्हणायला तिचे ओठ उघडले होते. चांगलं कडक आवाजात म्हणणार होती. पण तेरा वर्षं ज्या हाताखाली काम केलं, तो हात असा बघवेना.

"ठेवा ती कात्री," ती म्हणाली. "तुरपाई माझं काम."

जास्तीचं कापड तिने आत दुमडलं आणि बारीक टाक्यांनी दोन्ही बाह्या शिवून टाकल्या. टाका एकही वाकडा गेला नाही. मग कोट घालून ती त्यांच्याबरोबर पुन्हा तळ्यावर गेली. वारा झोंबत होता. मास्तरांनी तिचा हात धरला, तिने धरू दिला. सगळ्या अंगाला कापरं भरलं होतं. तेवढी मनगटंच उबदार होती, जिथे वहिनींच्या मापाचं कापड आत दुहेरी होतं. आणि नेमकं तेच तिला सोसत नव्हतं.