न मागितलेलं पाणी

मंगळवारी संध्याकाळी दर्यापूरहून बसच नसते असं शपथेवर सांगणारा अमोल मंगळवारीच शहरातल्या राजकमल चौकाजवळच्या चहाच्या टपरीमागे उभा होता, आणि त्याच्यासमोर अलीझा. दोघांच्या हातात चहा होता, पण पीत कोणीच नव्हतं. अमोल काहीतरी बोलला. अलीझा त्याच्याकडे नुसती बघत राहिली, मग हळूच हसली आणि मान फिरवली.

नाटकाची तालीम चाललीय, हे दामिनीने रस्त्याच्या पलीकडूनच ओळखलं. प्रेमाबिमाचं काही असतं तर तिला एवढं लागलं नसतं. अमोलने कोणावर जीव टाकावा हा त्याचा प्रश्न. पण ही तालीम तिच्या वाट्याची होती. तिने तिथूनच फोन लावला.

"कुठं हायेस?"

"घरीच. काहून वं?"

"काही नाही. म्हटलं, पाठ करून राहिला का नाही."

टपरीमागे अमोलने फोन खिशात टाकला आणि अलीझाने त्याच्या हातातला थंड झालेला चहा बदलून आणला. दामिनी अंगाचा तिळपापड होऊन घरी गेली.

शनिवार-रविवारच्या अभिनयाच्या वर्गात मुलं कमी, मुली जास्त. म्हणून अमोलला दोन प्रवेश मिळाले होते, एक दामिनीबरोबर, दुसरा अलीझाबरोबर. जो सरस ठरेल तो अकोल्याच्या कार्यक्रमात मोठ्या रंगमंचावर जाणार होता. दामिनी साडीच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाईक बोट दाखवायच्या आत ती नेमकी साडी उलगडायची, मालक तिचं कौतुक करून थकत नसे. पण दुकानात लोक साडीकडे बघतात, दाखवणारीकडे नाही. अकोल्यात तिच्याकडे बघणार होते. तिला ते हवं होतं, अगदी हावरेपणाने हवं होतं.

जोडीदाराबरोबर किती वेळा बसायचं, हे सरांनी आधीच सांगितलं होतं. "वाक्यं एकट्यानं पाठ करा. पण तालीम जोडीदारासंगच. एकाआड एक दिवस बसा, मधात एक दिवस मुरू द्या."

"आन् जोडीदार नसंल तं?" दामिनीने विचारलं होतं.

"तं वाट पाहा."

वाट पाहणं दामिनीच्या स्वभावात नव्हतं. तिने घरातली निळी प्लास्टिकची खुर्ची समोर ठेवली आणि खुर्चीलाच अमोल केलं. प्रवेश साधा होता. सुरतेला गेलेला नवरा काही न कळवता कित्येक वर्षांनी परत येतो. बायको त्याला नाही नाही ते बोलते. तो आपल्याच घरात पाहुण्यासारखा अंग चोरून बसतो आणि शेवटी विचारतो, "पाणी मिळंल काय?" तेव्हा ती उठून पाणी देते. बस, एवढंच. अमोलची वाक्यं दामिनी मनातल्या मनात म्हणायची आणि आपली मोठ्याने. त्या मंगळवारनंतर तर ती रोज, ईर्ष्येने, खुर्चीला फैलावर घेऊ लागली. खुर्ची बिचारी कधी उशिरा आली नाही आणि खोटंही बोलली नाही.

रविवारी आधी अलीझाचा प्रवेश झाला. दामिनी चुका शोधायला टपूनच बसली होती, आणि चूक सापडलीही. अलीझा मध्येच वाक्य विसरली. दामिनीला आतून गुदगुल्या झाल्या. पण अमोल थांबला, त्याने तिच्याकडे पाहिलं, तिने त्याच्याकडे. मग ती हळूच हसली आणि तिने मान फिरवली. सगळा हॉल गप्प झाला. टपरीमागचं ते हसू आता सगळ्यांचं झालं होतं, आणि दामिनीला ते सहन होईना.

तिची पाळी आली. एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही. रागही खणखणीत लागला, सध्या त्याची कमतरता नव्हतीच. अमोल खाली मान घालून बसला. खुर्चीपेक्षा जरा जास्तच वेळ बसला. त्याने मान वर केली तेव्हा पाण्याचा पेला त्याच्या नाकासमोर होता.

त्याने अजून मागितलंच नव्हतं.

मागे कोणीतरी फिसकन हसलं. अमोल गडबडला आणि भरलेल्या पेल्याकडे बघत म्हणाला, "पाणी मिळंल काय?" मग सगळा हॉल हसला.

"पाठांतर तुह्यं एक नंबर, दामिनी," सर शांतपणे म्हणाले. "पण घरी कोन आलं, हे तू पाह्यलंच नाही."

अकोल्याला अलीझाचा प्रवेश ठरला.

बाहेर गेटपाशी दामिनीने अमोलला गाठलं. "मंगळवारी बस नव्हती नं?"

अमोलचा चेहरा उतरला. "खोटं बोललो, चुकलं माह्यं. पण तुह्यासंग तालीम म्हणजे परीक्षा वाटते. मी तोंड उघडाच्या आत माह्यं वाक्य बी तूच म्हणून टाकशीन. अलीझा थांबते तरी."

"आता ये मंगळवारी. पाणी तू मागशीन तवाच देईन."

"मंगळवारी..." तो अडखळला. "आता अकोल्यापर्यंत तिच्यासंगच हाय."

पलीकडे अलीझा त्याची बॅग सांभाळत उभी होती. दामिनीला ती बॅग हिसकावून घ्यावीशी वाटली. तिने फक्त ओढणी सारखी केली आणि ती निघाली.

घरी वडील, सूर्यभान, टीव्हीसमोर बसले होते. आई गेल्यापासून संध्याकाळी आल्या आल्या त्यांच्या उजव्या हाताशी पाण्याचा पेला ठेवायचा, हे तिचं ठरलेलं काम. आज ती थेट त्यांच्यासमोरच्या निळ्या खुर्चीत जाऊन बसली. अलीझाचं हसू काही केल्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

वडिलांचा हात सवयीने उजवीकडे गेला, रिकाम्या जागेवर चाचपला आणि मांडीवर परतला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती उठणारच होती, पण बसून राहिली.

"दामिनी," ते चाचरत म्हणाले, "थकली काय वं? नाही... पाणी देशीन काय, माय?"

त्यांचं मागणं तिने कधी ऐकलंच नव्हतं. त्यांचा आवाज इतका खाली जातो, हेही तिला ठाऊक नव्हतं. वाक्य पूर्ण होईपर्यंत ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मग पाणी आणायला उठली.