थेल्माच्या खोलीतला आरसा

उजेड आधी व्हरांड्याच्या लाकडी जाळीत अडकला. तिथून तो घाईने आत आला नाही. जाळीच्या नक्षीचे तुकडे अंगावर घेऊन तो जमिनीच्या फळ्यांवर उतरला आणि एकेक फट ओलांडीत, तापत्या दुधावर साय धरावी तसा सावकाश दाटत गेला. रात्रभर आंब्यात भांडलेली वटवाघळे आता गप्प होती; हवेत लाल धुळीचा कोरडा वास होता. उजेड पलंगाच्या पायाशी पोहोचला, इस्त्री केलेल्या चादरीच्या कडेवर क्षणभर थबकला, मग उशीवर चढला. उशीवर कुणीच नव्हते, तरी तिथे तो अधिक वेळ रेंगाळला, असे जोरीला वाटले.

चार्टर्स टॉवर्स गावातल्या त्या घरात जोरी ट्रेवेना आता एकटाच राहत होता. त्याची आई, थेल्मा, टाऊन्सव्हिलच्या इस्पितळात होती. सोमवारी ती घरी येणार, पडल्यापडल्या तिला रस्त्याचे फाटक दिसायला हवे, म्हणून तो पलंगासमोर तिचा जुना, जड चौकटीचा आरसा लावणार होता. कोण येते, कोण जाते, हे पाहिल्याशिवाय थेल्माचा दिवस उजाडत नसे.

"उभाच आहेस अजून? आरसा लावतोयस की भिंतीशी लग्न लावतोयस?" शेजारच्या बेरिलमावशी मागच्या पायऱ्यांनी थेट आत आल्या. त्या थेल्माच्या पत्त्यांतल्या जोडीदार. दार वाजवण्याची पद्धत त्यांना ठाऊक नव्हती.

"ते टोक धरा ना जरा, मावशी."

"धरते बाबा. पाठ मोडली तर तुझ्या आईशेजारची खाट मिळेल मला. पत्ते तरी होतील."

जोरीने चौकटीचे दुसरे टोक उचलले. या घरांच्या भिंती म्हणजे बोटभर जाडीच्या उभ्या फळ्या. त्यांच्यावर भार टाकायचा नसतो. भार पेलते ती फळ्यांना बांधून धरणारी आडवी पट्टी. तिच्यातच त्याने दोन दणकट हूक पिळून बसवले होते. पहिला स्क्रू लोण्यात सुरी जावी तसा आत गेला होता. हात क्षणभर थांबला होता. मग त्याने अधिक लांब स्क्रू घेतला होता.

आरसा चढला. तारेच्या दुहेरी पिळावर तो किंचित पुढे झुकून स्थिर राहिला.

"झोप आता तिच्या जागी," मावशी म्हणाल्या. "दिसतं का बघ. नाहीतर आल्याआल्या आपल्या दोघांचा उद्धार करेल."

जोरी पलंगावर आडवा झाला. आरशात खिडकी दिसली, खिडकीतून निळे फाटक. त्याखाली, काचेच्या कडेला, पलंगाचा कोपरा आणि उशी दिसत होती. उशीच्या मधोमध खळगा होता, नुकतेच कुणी उठून गेल्यासारखा. त्याचे स्वतःचे डोके मात्र तिथे नव्हते. त्याने हात उचलून उशीवर ठेवला. आरशातल्या उशीवर काहीही आले नाही.

"काय दिसतं?"

"फाटक," तो म्हणाला.

त्याच्या आवाजाला उत्तर द्यावे तशी भिंत वाजू लागली. टिकटिक, टिकटिक, असंख्य नखे एकाच वेळी लाकडावर आपटावीत तशी. आवाज पट्टीतून धावत हुकांपर्यंत गेला आणि थांबला. त्यानंतरची शांतता त्याहून भयाण होती.

"जोरी, ऊठ!"

एखाद्या पाहुण्याने दारात वाकून नमस्कार करावा, तसा आरसा पुढे वाकला. लाकूड कडाडले नाही. नुसती भुकटी गळली. दोघांनी चौकट वरच्यावर झेलली. धापा टाकीत त्यांनी ती पलंगावर ठेवली. आरसा चादरीवर उताणा पडून छताकडे पाहत राहिला.

मावशींनी पट्टीवर बोट दाबले. रंगाचा पापुद्रा फुटला आणि बोट पेरापर्यंत आत गेले. बाहेर आले तेव्हा त्याला ओली माती लागली होती.

"वाळवी. वर रंग, आत चिखल."

"कशी चढेल? घर उभं आहे त्या प्रत्येक खांबाला वाळवी अडवायला पत्र्याची टोपी आहे."

"खांबाला आहे. तुझ्या उताराला आहे का?"

आईची चाकांची खुर्ची वर यावी म्हणून गेल्या वर्षी त्यानेच तो लाकडी उतार बांधला होता. खालचे टोक सरळ मातीत टेकवून, वरचे घराला जोडून.

"एवढ्या प्रेमानं वाळवीला जिना कुणी बांधला नसेल रे," मावशी म्हणाल्या. मग त्यांचा आवाज खाली आला. "चढली का खुर्ची त्यावरून? एकदा तरी?"

"सोमवारी चढेल. दुसरी जागा शोधू आरशाला. पलीकडची भिंत ठोकून बघतो."

"सोमवारी म्हणून कोण म्हणालं?"

"आई."

"ती म्हणणारच, पोरा. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?"

जोरीने हातोडी उचलली, पलीकडच्या भिंतीपाशी गेला आणि एक ठोका दिला. आतून पोकळ आवाज आला. त्याने जरा सरकून दुसरा दिला. तोही तसाच. तिसऱ्या ठोक्यासाठी उचललेला हात वरच राहिला.

"जोरी."

त्याने हातोडी खाली ठेवली.

"गुरुवारी डॉक्टरीणबाईंचा फोन आला होता," तो भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला. "आई आता घरी येणार नाही."