उशीखालचा डबा

माझी नात जन्मली तेव्हा तळहातावर मावेल एवढीशी होती, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणू लागले. आता ती चौथ्या वर्षात आहे. जिन्यात गाठ पडली की शेजारच्या काकू तिचा गाल ओढतात. "चिमणी कसली हो, चांगला पारवा झालाय!" चिमणी हसते. मीही हसतो, कारण अशा वेळी काय बोलायचं ते मला सुचत नाही. घरापर्यंत चढून येताना ती धापा टाकते, तेवढं काकूंना दिसत नाही.

चिमणीची आई, म्हणजे माझी मुलगी, बाळंतपणानंतर जी आडवी झाली ती नीटशी उठलीच नाही. आंघोळ करते, कधी कपड्यांच्या घड्या घालायला बसते, अर्ध्यावर सोडते आणि भिंतीकडे तोंड करून पडते. ताप नाही, खोकला नाही, म्हणून त्याला कुणी आजार म्हणत नाही. आळस म्हणायला जीभ रेटत नाही, म्हणून जावई थकवा म्हणतात.

तिच्या उशीखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा असायचा. चिमणी पलंगाला येऊन टेकली की मुलीचा हात आपसूक उशीखाली जायचा. चिमणी वर चढून तिला चिकटून बसायची आणि कुरतडत राहायची. चादरभर चुरा. पण तेवढ्यापुरती मुलगी कूस बदलायची. भिंतीकडचं तोंड चिमणीकडे वळायचं. चिमणी दिवसभर तिथे खेपा घालायची, आणि मला ते बघून बरंही वाटायचं, भीतीही वाटायची.

शेवटी जावयांनी लिफ्ट दुरुस्तीच्या कामातून सुट्टी काढली आणि आम्ही चिमणीला दवाखान्यात नेलं. तरुण डॉक्टरबाईंनी तिला काट्यावर उभं केलं.

"हे गुटगुटीत नाही, आजोबा. वजन फार जास्त आहे. खाऊ कोण देतं?"

"तिची आई," जावई म्हणाले.

"मग आईला समजावा. बिस्किटं आजपासून बंद."

आईलाच एकदा तपासा, हे वाक्य मी वाटेत मनातल्या मनात जुळवत आलो होतो. "डॉक्टर, तिची आई..." एवढं म्हणेपर्यंत पुढचं मूल काट्यावर चढलं होतं. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, ही म्हण मला आठवली ती दवाखान्याबाहेर पडल्यावर.

घरी आल्या आल्या जावयांनी डबा काढून घेतला. माणूस वाईट नाही. हळू आवाजात म्हणाले, "राग मानू नकोस. पोरीच्या भल्यासाठीच आहे."

"मग ती आली की मी काय देऊ?"

"काही देऊ नकोस. नुसती जवळ घे."

"ती त्यासाठी येत नाही," मुलगी म्हणाली.

मी उभा जन्म ग्रंथालयात पुस्तकं लावण्यात घालवला, मला दुसरं काय सुचणार? डब्याच्या जागी मी अस्वलाचं चित्रांचं पुस्तक ठेवलं. चिमणी आली. मुलीचा हात उशीखाली गेला आणि पुस्तक घेऊन बाहेर आला. चिमणीने ते उलटंपालटं करून पाहिलं, पण वर चढून बसली. मी दारातच उभा राहिलो.

"एक होतं अस्वल," मुलीने वाचलं. "ते रोज सकाळी..."

आवाज तिथेच विझला.

"पुढे?" चिमणीने विचारलं.

"माहीत नाही गं."

पान समोर उघडंच होतं. चिमणीने जरा वाट पाहिली. मग स्वतःच उशीखाली कोपरापर्यंत हात घालून चाचपलं, आणि पलंगावरून घसरत खाली उतरली.

"आजोबा, बाहेर खेळू या."

"आईजवळ बसू ना थोडं."

"आईकडे काही नाहीये," ती म्हणाली. तक्रार म्हणून नाही, पाऊस थांबलाय म्हणावं तसं.

त्यानंतर ती त्या खोलीत जाईनाशी झाली. मी बोट धरून नेलं तरी उंबऱ्याशी अडून बसायची.

पुढच्या खेपेला काटा खाली आला होता. डॉक्टरबाई खूश. "आईला माझ्याकडून शाबासकी सांगा!"

या वेळी मी बोललो. "तिची आई आजारी आहे हो. मनाने."

"मग घेऊन या की त्यांना."

"दारापर्यंत येत नाही ती," जावई म्हणाले. "कडेवर आणू?" कुणी हसलं नाही. त्यांनाही हसवायचं नव्हतं.

घरी येऊन मी मुलीच्या पलंगावर, चिमणी बसायची तिथे टेकलो. वजन उतरल्याचं सांगितलं. शाबासकीही सांगितली. वाटलं, तेवढंच बरं वाटेल.

ती भिंतीकडे तोंड करूनच बोलली.

"बघितलंत ना, बाबा? माझ्याकडे यायची थांबली आणि सुधारली."

"तसं नसतं गं," मी म्हणालो.

बाहेर चिमणीची पावलं वाजली. सवयीने मुलीचा हात उशीखाली गेला. पावलं दारावरून पुढे गेली. हात तिथेच राहिला.