वाढदिवसाचं सरबत

गाणं थांबलं आणि तेजस्विनीनं शेवटची खुर्ची पटकावली. उत्कर्षा पाय आपटत बाजूला झाली, बाकीच्या पोरींनी टाळ्या पिटल्या. इंद्रजीतनं नवा कोरा हँडीकॅम लेकीकडे वळवला.

"हां, विनर! ऊठ तेजू, हात वर कर बघू."

तेजू उठली. म्हणजे अर्धवट उठली आणि झटकन परत बसली.

स्वयंपाकघराच्या दारात कांताबाई कोकम सरबताचा जग घेऊन उभ्या होत्या. इंद्रजीतची ही थोरली बहीण, तेजूची आत्या. सरबत कोणालाच नको होतं, पोरींना बाटलीतलं काळं कोल्ड्रिंक हवं होतं. पण कांताबाईंनी ते सकाळी हौसेनं केलं होतं आणि कोणीतरी घेईल या आशेवर त्यांची ही तिसरी फेरी होती. दारातून त्यांना तेजूची पाठ दिसत होती. ती उठली तेवढ्यात मोतिया रंगाच्या फ्रॉकवर मागे लाल डाग दिसला, रुपयाएवढा.

तेजूला आजच बारावं लागलं होतं. पार्टी तिला डेक्कनच्या पिझ्झावाल्याकडे हवी होती, उत्कर्षाची झाली तशी. उत्कर्षाचे वडील कॉम्प्युटर कंपनीत, दोनदा अमेरिकेला जाऊन आलेले. "आपल्या घरात काय कमी आहे?" असं इंद्रजीतनं विचारलं, आणि कमी खरंच काही नव्हतं. वारज्याची मेथी-कांद्याची जमीन बिल्डरला दिल्यावर तिच्यावरच उभ्या राहिलेल्या इमारतीत त्यांना तीन फ्लॅट मिळाले होते. मैत्रिणी हसतील असं काही करायचं नाही, या अटीवर तेजू घरच्या पार्टीला तयार झाली. फुगे हवेत, चॉकलेटं-खेळणी भरून फोडायची खोईबॅग हवी, रिटर्न गिफ्ट हवं, आईनं साडी न नेसता ड्रेस घालायला हवा. ती आई, शैला, आत्ता केक आणायला कर्वेनगरला गेली होती. आत्यासाठी काही अट नव्हती. आत्या स्वयंपाकघरातच असणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

"ऊठ की गं," इंद्रजीत म्हणाला. "कॅसेट संपेल."

"नको, बाबा."

"नको काय? आता लाजायला लागली बघा!"

"भाव खातीये ती, अंकल," उत्कर्षा म्हणाली. हरल्याचा राग अजून उतरला नव्हता. "प्रियदर्शनी, ओढ तिला!"

प्रियदर्शनीनं खरंच तिचा दंड धरला. तेजूनं दोन्ही हातांनी खुर्ची गच्च पकडली. चेहरा पांढराफटक पडला होता, आणि तरी ती हसत होती. ते हसू बघून कांताबाईंना भडभडून आलं. एवढ्याशा पोरीनं असं हसावं? तिची भिरभिरती नजर हॉलभर फिरली आणि आत्यावर येऊन थांबली.

बोलावून आत न्यावं, तर उठावं लागणार. उठली की पोरींना दिसणार, आणि त्या कॅमेऱ्यातही जाणार. उद्या शाळेत, परवा सोसायटीत. आता दुसरीही पोरगी हात ओढायला पुढे झाली.

"सरबत घ्या गं पोरींनो," असं म्हणत कांताबाई लगबगीनं हॉलमध्ये आल्या आणि खुर्चीपाशी पोचल्यावर त्यांनी तो भरलेला जग तेजूच्या मांडीवर उपडा केला.

एकच किंकाळी उठली. सरबत मांडीवरून खुर्चीच्या गादीत मुरलं, गादीतून फरशीवर ओघळलं. फ्रॉक पुढून मागून लालच लाल झाला. पोरी आधी किंचाळल्या, मग खिदळायला लागल्या.

"अक्का!" इंद्रजीत ओरडला, पण कॅमेरा काही खाली केला नाही. "काय केलंस हे! लक्ष्मी रोडवरनं कालच आणलाय तो फ्रॉक. कोणी सांगितलं होतं तुला मधे तडमडायला?"

"हात कापतो रं माझा हल्ली," कांताबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. त्यांनी खांद्यावरचा पदर तेजूच्या कमरेभोवती गुंडाळला आणि तिला जवळ ओढून, तशीच बाथरूममध्ये नेली. त्यांनी आतून कडी लावली.

आत तेजू रडली, पण आवाज न करता. कांताबाई जुनं लुगडं फाडायला निघाल्या, तर तिनं त्यांना थांबवलं. "आईच्या कपाटात पॅकेट आहे. खालच्या खणात. शाळेत सांगितलंय आम्हाला." कांताबाई गेल्या आणि मुकाट्यानं पॅकेट घेऊन आल्या. ते कसं वापरायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"झालं का गं?"

"हं."

तेव्हा त्यांनी वळून पोरीचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "आगं, मोठी झालीस माझी बाय! आन् आजच्याच दिवशी! मला मखरात बसवलं हुतं. हिरवं लुगडं नेसवलं, समदी आळी गोडाचं घिऊन आलती." आपली जन्मतारीख कांताबाईंना माहीत नव्हती. तेरावं लागताच लग्न झालं, सतराव्या वर्षी विधवा होऊन त्या माहेरी परतल्या, पुढे भावाचं रान राखलं. आपलं कौतुक झाल्याचे तेवढे मखरातलेच दिवस त्यांच्या गाठीला होते. आता बाहेर जाऊन ओरडून सांगावं, भावकीतल्या बायकांना बोलवावं, असं त्यांना फार फार वाटलं.

"आत्या, प्लीज," तेजूनं त्यांचा हात घट्ट धरला. "कोण्णाला सांगू नकोस. बाबांना नको. कोणालाच नको. माझी शपथ."

"आईला?"

"मी सांगेन."

"बरं. मी न्हाई बोलत." कांताबाईंनी तिच्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. एवढाच सोहळा झाला.

केक आला. तेजूनं जीन्स घालून तो कापला आणि पुढचा तास मैत्रिणींबरोबर छान हसली. आत्याकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. फरशी पुसता पुसता कांताबाईंनी ते ओळखलं. ज्या माणसानं आपलं असं काही बघितलंय, त्याच्याकडे बघणं अवघड जातं.

पाहुणे गेल्यावर इंद्रजीतनं कॅमेरा टीव्हीला जोडला. सरबताचा प्रसंग आला तेव्हा तो पोट धरून हसला आणि त्यानं तो पुन्हा लावला. कांताबाईही हसल्या. तेजू उठून आतल्या खोलीत गेली आणि तिच्यामागून शैला.

सुकलेले कपडे ठेवायला निघालेल्या कांताबाईंना आतल्या खोलीच्या दाराबाहेर शैलाचा आवाज ऐकू आला. "कधी कळलं गं तुला?"

"फ्रॉक बदलायला गेले ना, तेव्हा. आत्यानं पॅकेट आणून दिलं."

"मग नशीबच म्हणायचं! नाहीतर सगळ्यांसमोर किती ओशाळं झालं असतं. अक्कांचा वेंधळेपणा आज असा कामाला आला बघ."

कांताबाईंना वाईट वाटलं. दार ढकलून आत जावं असंही वाटलं. पण पोरीला ती खुर्ची विसरून जायची होती, आणि तिनं ती विसरावी असं त्यांनाही वाटत होतं. कपडे बाहेरच्याच पलंगावर ठेवून त्या परतल्या.

जमीन गेल्यापासून घरातलं एकच काम कांताबाईंचं म्हणून उरलं होतं. आल्यागेल्याला चहापाणी त्याच द्यायच्या, समोर बसून विचारपूस करायच्या आणि 'ह्या आमच्या अक्का' अशी त्यांची ओळख करून दिली जायची. पुढच्या रविवारी इंद्रजीतकडे बिल्डरची माणसं आली. कांताबाईंनी चहा केला, कप ट्रेमध्ये मांडले आणि ट्रे उचलला. शैला लगबगीनं पुढे आली.

"राहू द्या, अक्का. मी नेते. तुमचा हात कापतो ना." ती प्रेमानंच म्हणाली. "इथून पुढं तुम्ही फक्त आतलं बघा."

फ्रीजपाशी तेजू उभी होती. तिनं आत्याच्या हातांकडे पाहिलं. वाफाळणारे सहा कप काठोकाठ भरलेले होते आणि बशीत थेंबही सांडला नव्हता. "आई, आत्यानं ना..." ती म्हणाली आणि तिनं फ्रीजचं दार घट्ट धरलं.

शैलानं वळून पाहिलं. "काय गं?"

कांताबाईंनी तेजूकडे बघून जेमतेम दिसेल एवढी नकारार्थी मान हलवली. मग त्यांनी ट्रे थोडा थरथरवला, आणि शैलाच्या हातात दिला.