सहाशे बाराव्या किलोमीटरवरची बागिला

बागिलाने हातोडा टाकला आणि लाल निशाण फडकावत ती रुळाच्या कडेने पळत सुटली. वय चौपन्न, पायांत जड रबरी बूट. मागे, सहाशे बाराव्या किलोमीटरवर, आकबोकेन हरणांचा कळप रूळ ओलांडत होता आणि समोरून मालगाडी येत होती. भरलेल्या गाडीला थांबायला किलोमीटरभर जागा लागते, हे एकतीस वर्षं रूळ तपासणाऱ्या बाईला कोणी सांगायला नको होतं. म्हणून ती गाडीच्याच दिशेने पळत होती.

चाकं किंचाळली, ठिणग्या उडाल्या आणि गाडी थांबली. ड्रायव्हर सापारगाली इंजिनातून उडी मारून उतरला.

"काय तुटलंय, आपा?"

"काही नाही."

"मग डोकं फिरलंय का तुमचं? सत्तर डबे आहेत मागे!"

"डबे कुठं पळून चाललेत? ते बघ, बाळंतिणी चालल्यात."

त्याने पुढे पाहिलं. क्षितिजापर्यंत गवत आणि गवतातून उमटत चाललेला पिवळट कळप. दहा-बारा दिवसांची पिल्लं खडीवर घसरत होती, आया मागे वळून थांबत होत्या. माना खाली, आणि तोंडावर लोंबणारी ती बोजड नाकं.

सापारगालीला हसू आलं. "देवानं घाईघाईत दुसऱ्याच कुणाचं नाक चिकटवलंय यांना."

"नाकाला हसू नकोस," बागिला धापा टाकत म्हणाली. "उन्हाळ्यात एवढ्या खुरांची धूळ उडते, ती त्या नाकात गाळली जाते. हिवाळ्यात उणे चाळीसचा वारा आधी तिथं ऊबदार होतो, मग छातीत उतरतो. तू जानेवारीत खिडकी उघडून बस बरं दहा मिनिटं!"

 तो सिगारेट पेटवून इंजिनाच्या पायरीवर बसला. धूर सोडत म्हणाला, "माझे वडील यांची शिंगं विकायचे."

"माझा नवरापण. पगार बंद होते तेव्हा मोटारसायकलवर शिकारीला जायचा. मांस मीच शिजवलं, पोरांना वाढलं. खोटं कशाला बोलू? मग चार वर्षं इथं एक खूर दिसला नाही. पुढं जरा वाढले तर रोग आला. आठवड्याभरात रुळाच्या दोन्ही बाजूंना नुसती मढी. म्हटलं, संपलं आता." तिने हनुवटीने कळपाकडे खूण केली. "पण हे कसले संपतायत! एकेकीच्या मागं जुळी आहेत, मोज."

शेवटी एक पिल्लू दोन रुळांच्या मधे अंग चोरून सपाट पडलं. घाबरली की ती अशीच मातीसारखी होतात. सापारगाली उठला, तशी बागिलाने त्याची बाही धरली. "शिवू नकोस. येईल ती."

आई आली. हुंगत हुंगत नेमकी तिथंच आली. पिल्लू उठलं आणि तिच्या पोटाला लागून पलीकडे उतरलं. चाळीस मिनिटं गेली होती. जाताना सापारगालीने भोंगा वाजवला नाही.

तिसऱ्या दिवशी तिला स्टेशनवर बोलावणं आलं. साहेब दुइसेन. हातोड्याच्या आवाजावरून रुळातला तडा ओळखायला त्याला बागिलानेच शिकवलं होतं.

"आपा, एक ओळ लिहा. बोल्ट सैल होता. मी सही करतो, विषय मिटला."

"कुठला बोल्ट?"

"कुठलाही!"

"माझ्या नऊ किलोमीटरमध्ये सैल बोल्ट? शुद्धीवर आहेस ना रे?"

दुइसेनने कपाळाला हात लावला. "पेन्शनला अकरा महिने राहिलेत तुमच्या. वरून हुकूम आला तर रुळावरून काढतील. मला काही करता येणार नाही."

बागिलाने कागद ओढला. एकेक अक्षर ठसठशीत काढत लिहिलं : रूळ उत्तम होता. आकबोकेन पिल्लांसह ओलांडत होते, म्हणून गाडी थांबवली.

त्याने दोनदा वाचलं. "आणि पुन्हा अशी वेळ आली तर?"

"ते राहिलंच की," ती म्हणाली आणि कागद परत घेऊन खाली लिहिलं : पुन्हाही थांबवीन.

हुकूम यायला आठवडा लागला. रुळावरचं काम बंद, उरलेले महिने फलाटाची झाडलोट. फळ्यावर सगळ्यांना दिसेल असा कागद लागला : काही जनावरांसाठी विनाकारण मालगाडी थांबवल्याबद्दल कडक ताकीद.

तिकिटं देणारी मेरुयेर्त खिडकीतून कुजबुजली, "फाडून टाकू का, आपा? कुणी बघत नाहीये."

"हात लावायचा नाही. तुझं पेन दे इकडं."

बागिलाने आधी 'विनाकारण' शब्दावर सरळ रेघ ओढली. मग 'काही जनावरांसाठी' खोडून वर लिहिलं : दोन हजार आकबोकेन, पिल्लं वेगळी. पेन परत केलं, रुमाल डोक्याला घट्ट बांधला, आणि खराटा घेऊन ती फलाटाच्या पार टोकापासून झाडायला लागली.